वायर कुणी काढली हे नंतर विचारा

या महिन्याच्या टपालात एकाच तक्रारीची बरीच पत्रं आली: अमक्याने पिन ओढली आणि कॉम्प्युटर पडला, म्हणजे चालता चालता बंद पडला. प्रत्येक पत्रात एक आरोपीही आहे. कुठे नातू, कुठे भाऊ, कुठे काट्यावरचा पोरगा. आरोपींची बाजू ऐकून घेणारं कुणी दिसत नाही, म्हणून हा अंक त्यांना दिला.

प्रश्न : ताई, नमस्कार. निपाणीजवळ आमचा वजनकाटा आहे. हंगामात ऊस, एरवी तंबाखू, खडी, वाळू. काट्याच्या डिस्प्लेवरून वजन कॉम्प्युटरमध्ये येतं आणि पावती निघते. नव्या कॉम्प्युटरला जुनं नऊ पिनांचं पोर्ट नाही, म्हणून मध्ये यूएसबी कन्व्हर्टर लावलाय. काट्यावरचा पोरगा मोबाइल चार्ज करायला ती पिन काढतो. मग कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने निळा स्क्रीन येतो. बाहेर ट्रॅक्टरची रांग, ड्रायव्हर शिव्या घालतायत, आणि आत मशीन परत चालू होतंय. दोनदा फॉरमॅट मारून झालं. आता पोराला काढू की कन्व्हर्टर?
— एक काटामालक, निपाणी

उत्तर : पोराला राहू दे की, दादा. त्याला भिंतीवर लावायचा चार्जर घेऊन द्या आणि कन्व्हर्टर बदला. काम एवढ्यावर भागेल. पण कारण समजून घेतलंत तर तिसऱ्या फॉरमॅटचे पैसे वाचतील.

यूएसबी ही चालू मशीनला लावता-काढता यावी म्हणूनच केलेली आहे, १९९६ साली तिचं पहिलं मानक आलं तेव्हापासून. साध्या यूएसबी पिनमध्ये डोकावून बघा. चार पट्ट्या दिसतील, कडेच्या दोन जरा लांब आणि मधल्या दोन आखूड. कडेच्या विजेच्या, मधल्या माहितीच्या. लावताना वीज आधी पोचते, काढताना माहिती आधी तुटते. इतका विचार करून केलेली पिन ओढली म्हणून आख्खं विंडोज पडायला नको. ते पडतं बहुतेक वेळा ड्रायव्हरमुळे, म्हणजे त्या कन्व्हर्टरशी बोलायला विंडोजमध्ये बसवलेल्या छोट्या प्रोग्रॅममुळे.

तुमचं काट्याचं सॉफ्टवेअर दिवसभर कॉम पोर्ट, म्हणजे वजन आत यायचं दार, उघडून बसलेलं असतं. ‘वजन आलं की दे’ ही त्याची मागणी ड्रायव्हरकडे सतत पडून असते. पिन निघाली की विंडोज ड्रायव्हरला कळवतं, तुझं यंत्र गेलं. यावर नीट लिहिलेला ड्रायव्हर अर्धवट राहिलेल्या सगळ्या मागण्या रद्द करून परत करतो, स्वतःचे टायमर थांबवतो, आणि सॉफ्टवेअरने पोर्ट सोडलं की मगच घेतलेली मेमरी मोकळी करतो. भुक्कड ड्रायव्हर मेमरी आधी सोडून देतो, आणि त्याचाच एखादा चालू राहिलेला टायमर जाऊन त्या सोडलेल्या जागेत हात घालतो. हे सगळं विंडोजच्या गाभ्यात चाललेलं असतं. तिथे भलत्या जागी हात पडला की विंडोज मुद्दाम सगळं थांबवतं. नाही थांबवलं तर तुमच्या पावत्यांच्या फाइलीवर काय लिहिलं जाईल याचा भरवसा नाही. पिन काढल्याकाढल्या येणारा निळा स्क्रीन तो हा.

उशिरा येणारा वेगळा. त्यात ड्रायव्हर एखादी मागणी पुरीही करत नाही आणि परतही देत नाही, नुसता धरून बसतो. पुढे मशीन झोपवायची किंवा बंद करायची वेळ येते, विंडोज त्याच्याकडून ‘झालं’ ऐकायला काही मिनिटं थांबतं आणि शेवटी हात टेकतं. यातच माणसं फसतात. पिन संध्याकाळी काढलेली असते, मशीन पडतं रात्री शट डाऊन करताना, आणि दोष जातो व्हायरसला.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टम’वर जा, आणि ‘कर्नल-पॉवर’ नावाची ४१ क्रमांकाची नोंद शोधा. पोराने मेनू कन्नडमध्ये लावून ठेवला असेल तर त्यालाच शेजारी बसवा. ती ४१ ची नोंद म्हणजे फक्त ‘मशीन नीट बंद न होता परत चालू झालं’ एवढाच निरोप, पुष्कळ लोक तिलाच रोग समजतात. तिच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘बगचेक कोड’ नावाची ओळ आहे, खरी ती बघायची. तिथे ० असेल तर बहुधा वीज गेली होती, किंवा मशीन हँग झाल्यावर कुणीतरी बटण दाबून धरलं होतं. मग यूपीएसची बॅटरी तपासा, कन्व्हर्टरला उगीच बदनाम करू नका. २०९ किंवा ८० असेल तर ड्रायव्हरचा भलत्या मेमरीत हात. १५९ असेल तर वर सांगितलेला धरून बसणारा. २५४ असेल तर यूएसबीच्याच ड्रायव्हरांत बिघाड.

शिवाय सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरात ‘मिनीडंप’ नावाचं फोल्डर असतं. प्रत्येक वेळी मशीन पडलं की त्यात तारखेच्या नावाची एक छोटी फाइल पडते आणि मायक्रोसॉफ्टच्या फुकट मिळणाऱ्या ‘विनडीबीजी’त ती उघडली की बहुतेक वेळा गुन्हेगार ड्रायव्हरचं नाव समोर येतं. आता तुम्हीच सांगा, फॉरमॅट मारल्यावर काय राहतं? ती फाइल पुसली जाते, सीडीतला तोच जुना ड्रायव्हर परत बसतो, आणि पुढच्या आठवड्यात तोच निळा स्क्रीन. फॉरमॅट मारण्यावर माझा राग आहे तो यासाठी. मशीन उघडून बघायच्या आधीच जो दुकानदार ‘फॉरमॅट मारूया’ म्हणतो त्याच्याकडून बॉक्स उचलून घरी आणावा.

स्क्रीन वाचायच्या आत मशीन परत चालू होत असेल तर ‘सिस्टम प्रॉपर्टीज’मध्ये ‘अॅडव्हान्स्ड’, तिथे ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’, आणि ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची खूण काढा. मग आरामात मोबाइलवर फोटो घ्या. विंडोज ११ वापरत असाल तर २०२५ पासून हा स्क्रीन निळ्याऐवजी काळा येतो. तेव्हा ‘निळा आला नाही म्हणजे तो रोग नाही’ असं समजू नका.

आता कन्व्हर्टर. पाकिटावर कंपनीचं नाव नसलेले स्वस्त कन्व्हर्टर असतात, त्यांतली चिप अनेकदा नकली असते. खऱ्या चिपवाल्या कंपन्याही गप्प बसत नाहीत. २०१४ मध्ये एफटीडीआयच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून त्या निकामी केल्या होत्या, आणि प्रोलिफिकचे नवे ड्रायव्हर नकली किंवा जुन्या चिपांना ‘कोड १०’ दाखवून उभंच करत नाहीत. मग दुकानदार कुठून तरी जुना ड्रायव्हर शोधून बसवतो, आणि तुमचं मशीन पडायला लागतं. ओळखीच्या कंपनीचा कन्व्हर्टर घ्या. जुना ड्रायव्हर ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून काढताना ड्रायव्हरच्या फाइली पुसायची खूण करा, आणि नवा ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्येच ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवायला यंत्र बंद करण्याची परवानगी असते, ती काढून टाका.

कन्व्हर्टर ज्या पोर्टात लावाल त्याच पोर्टात कायम ठेवा. पुष्कळ चिपांना स्वतःचा सिरियल नंबर नसतो. अशी पिन शेजारच्या पोर्टात गेली की विंडोज तिला नवं यंत्र समजून कॉम ३ च्या जागी कॉम ७ देतं आणि काट्याचं सॉफ्टवेअर वजनाची वाट बघत बसतं. त्या पोर्टावर नेलपॉलिशचा ठिपका द्या.

मला विचाराल तर मी कन्व्हर्टरच ठेवणार नाही. तुमचा कॉम्प्युटर डेस्कटॉप असेल तर आत पीसीआय एक्स्प्रेसचं सिरियल कार्ड, म्हणजे जुनं नऊ पिनांचं पोर्ट देणारं कार्ड, बसवून घ्या. त्याची नऊ पिनांची वायर दोन स्क्रूंनी आवळता येते, आणि मोबाइल चार्ज करायला तिचा कुणालाच उपयोग नाही. काटा आणि केबिन यांत अंतर जास्त असेल तर मात्र आधी तेवढं बघा. आरएस-२३२ ची, म्हणजे या नऊ पिनांच्या जोडणीची, वायर साधारण १५ मीटरपर्यंत भरवशाची. बाहेर उघड्यावर लोखंडी प्लॅटफॉर्म, वळवाच्या विजा, आणि डिस्प्ले व कॉम्प्युटर वेगवेगळ्या लाइनवर, असं असेल तर मध्ये ऑप्टो-आयसोलेटर घाला, म्हणजे दोन्ही बाजूंची वीज वेगळी ठेवून फक्त माहिती पुढे देणारा डबा. तो नसल्याने पोर्टं जळालेली मशीनं माझ्या दुकानात पावसाळ्याच्या तोंडाला येतात.

प्रश्न : ताई, आम्ही नवराबायको शहापुरात डीटीपी करतो. लग्नपत्रिका, जाहिराती, दुकानांचे बोर्ड, मराठी-कन्नड दोन्ही. सगळं काम बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवतो. परवा दिरांनी टेबल पुसताना डिस्कची वायर हलवली. कोरल (आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) हँग, मग सगळंच हँग. बटण दाबून बंद केलं. चालू केल्यावर पत्रिकेची फाइल उघडेना. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं, घरात काय झालं असेल ते लिहीत नाही. डिस्क गेली का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : अक्का, डिस्क गेली असेलच असं नाही. आणि विंडोजही बहुधा पडलं नव्हतं. पुन्हा असं झालं तर बटणाकडे हात नेण्याआधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागला-विझला तर विंडोज जिवंत आहे, कोरल फक्त नसलेल्या डिस्कच्या उत्तरासाठी ताटकळलंय. वायर परत त्याच पोर्टात लावा आणि थोडी कळ काढा. पुष्कळदा सुटतं. बटण दाबलंत तर सी ड्राइव्हवरचं अर्धवट कामही गेलं.

आता फाइल. त्याच फोल्डरात ‘बॅकअप ऑफ’ने सुरू होणारं नाव शोधा. कोरल आधीच्या सेव्हची प्रत तशी ठेवतं. ती उघडली तर शेवटचे एक-दोन बदल सोडून पत्रिका हातात येईल. नाही मिळाली तर डिस्क कानाशी धरा. टिकटिक वाजत असेल तर काहीही दुरुस्ती न करता आधी जेवढं निघतंय तेवढं दुसरीकडे कॉपी करा. आवाज नसेल, डिस्क दिसत असेल, तर महत्त्वाचं कॉपी करून मग ‘चेकडिस्क’ हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवा. ते झाल्यावर डिस्कवर ‘फाउंड’ नावाचं लपलेलं फोल्डर बनलं तर घाबरू नका, वाऱ्यावर पडलेले तुकडे विंडोजने तिथे गोळा केलेले असतात.

डिस्क एनटीएफएस या पद्धतीने फॉरमॅट केलेली असली तर तिच्यात बदलांची नोंदवही असते. अशी वायर निघाल्यावर फोल्डरांची मांडणी तिच्यामुळे सहसा वाचते. फाइलीच्या आतला मजकूर मात्र ती वाचवत नाही. एक्सफॅट आणि फॅट ३२ या दुसऱ्या पद्धतींत तेवढीही सोय नाही, आणि दुकानातून येणाऱ्या पेन ड्राइव्ह बहुतेक त्याच.

‘सेफली रिमूव्ह’ करावं की नाही, हे आणखी दोघांनी विचारलंय, म्हणून इथेच सांगते. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीपासून, बाहेरच्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हीच नेहमीची मांडणी झाली. त्यात विंडोज लिहायचा मजकूर आपल्याकडे साठवून ठेवत नाही. कॉपी संपली, दिवा शांत झाला, कुठलीच फाइल उघडी नाही, तर डिस्क तशीच काढलीत तरी चालतं. कुणी ती मांडणी बदलून ‘बेटर परफॉर्मन्स’ केली असेल तर मात्र चालत नाही. आणि फाइल उघडी असताना तर कुठल्याच मांडणीत नाही.

तुमची खरी अडचण वेगळीच आहे. डिस्कवरची फाइल तुम्ही तिथूनच उघडून काम करता. असं करू नका. सकाळी सी ड्राइव्हवर घ्या, दिवसभर तिथे काम करा, संध्याकाळी डिस्कवर टाका. आणि दिरांना सोडून द्या. नुसत्या फडक्याने सुटली म्हणजे वायर आधीच सैल होती. त्या डिस्कची रुंद चपटी पिन वापरून ढिली होतेच. नवी आखूड वायर घ्या आणि डिस्क कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात लावा. पुढची पोर्टं आतल्या बारीक वायरीने जोडलेली असतात, तिथे वीज कमी पडली की डिस्क कुणी हात न लावताही गायब होते. लिपीच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ते चालायला लागणारी यूएसबी किल्ली, तीही मागेच जाऊ दे.

प्रश्न : विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून बघत होतो. चालू झालंय म्हणून पेन ड्राइव्ह काढली. माउस हलतो, पण काहीही उघडलं तर ‘इनपुट आउटपुट एरर’. लिनक्स पडत नाही म्हणतात ना?
— एक विद्यार्थी, नंदगड

उत्तर : पडलं नाही बाळा, तू त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतलीस. सगळे प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरच आहेत. मेमरीत आधी आलेलं तेवढं चालतं, नवं मागितलं की एरर. मशीनला ८ जीबी रॅम असेल तर सुरू करतानाच्या ओळीत ‘टूरॅम’ (toram) हा शब्द जोड, मग सगळं मेमरीत येईल आणि पेन ड्राइव्ह काढता येईल. सुरू व्हायला वेळ लागेल, तेवढ्यात चहा घे.

प्रश्न : आमच्या शाळेत दान मिळालेले जुने संगणक आहेत. जांभळ्या-हिरव्या गोल पिनांचे कीबोर्ड-माउस. मुलं पिन काढतात, परत लावल्यावर माउस चालत नाही. विंडोज बिघडलं का?
— एक शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : नाही सर. ती पीएस-टू पिन, चालू मशीनमधून काढण्यासाठी ती बनवलेलीच नाही. रिस्टार्ट केलं की माउस येईल. मात्र चालू असताना वारंवार काढलीत तर बोर्डावरचा फ्यूज किंवा कंट्रोलर जाऊ शकतो, आणि त्या वयाच्या बोर्डाला दुरुस्ती परवडत नाही. साधे यूएसबी माउस घ्या आणि गोल पोर्टांवर चिकटपट्टी लावा.

प्रश्न : नातवाने स्कॅनरची वायर लावली-काढली आणि माझा संगणक निळा झाला. एवढ्या मोठ्या कंपनीला हे साधं जमू नये? मी सत्तरीचा आहे, मला खरं सांगा.
— एक आजोबा, टिळकवाडी

उत्तर : आजोबा, २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉम्डेक्स प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर उभे असताना त्यांच्या सहकाऱ्याने, ख्रिस कॅपोसेला यांनी, विंडोज ९८ ची सोय दाखवायला स्कॅनरच जोडला होता. सगळ्या सभागृहासमोर निळा स्क्रीन आला. म्हणूनच हे अजून बाजारात आणलेलं नाही, अशा अर्थाचं बोलून गेट्सनी वेळ मारून नेली. तेव्हा तुमचा नातू मोठ्या माणसांच्या पंक्तीत आहे.

तुमच्या बाबतीत मात्र दोष स्कॅनरच्या जुन्या ड्रायव्हरचा वाटतो. स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीकडे तुमच्या विंडोजचा ड्रायव्हर नसेल तर स्कॅनर बदलायची वेळ झाली. विंडोज १० वर असाल तर त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत, दोन्ही खर्च एकदम बघा.

प्रश्न : ताई, मी चंदगड तालुक्यात सेवा केंद्र चालवतो. अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, वेबकॅम, सगळं एका हबला, म्हणजे एका पोर्टाची अनेक पोर्टं करणाऱ्या डब्याला. हबमधून एक पिन काढली की मशीन पडतं, कधी थेट बंदच होतं. सीपीयू घेऊन शिनोळीवरून बेळगावला दोनदा येऊन गेलो, दुकानात एकदाही पडला नाही. घरी आणला की परत तेच. एसटीचं भाडं कुणी द्यायचं?
— एक केंद्रचालक, चंदगड

उत्तर : दुकानात पडणार कसा, दादा? रोगी घरी ठेवून तुम्ही सीपीयू फिरवताय. दुकानात त्याला आमचाच कीबोर्ड-माउस लागतो. बिघाड हबमध्ये, त्याच्या वायरीत, किंवा अंगठ्याच्या मशीनच्या ड्रायव्हरमध्ये आहे, आणि ते सगळं तुमच्या टेबलावरच राहिलं.

आधी घरीच बघा. यूएसबी २ चं एक पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. अॅडॉप्टर नसलेला हब तेवढ्यातच सगळ्यांना वाटून देतो. एक पिन काढता-लावताना झटका बसला की बाकीची यंत्रं क्षणभर मरून परत उठतात, आणि त्या क्षणी अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर काम करत असला की मशीन पडतं. अॅडॉप्टरवाला हब घ्या, अंगठ्याचं मशीन हबमध्ये न लावता थेट मागच्या पोर्टात लावा, आणि ते काढायचं असेल तेव्हा त्याचं सॉफ्टवेअर आधी बंद करा.

‘थेट बंद होतं’ हे मात्र वेगळं लक्षण. निळा स्क्रीन न येता, दिवे जाऊन बंद होत असेल, किंवा चालू करताच ‘ओव्हर करंट’चा इशारा देऊन काही सेकंदांत परत जात असेल, तर कुठल्यातरी पोर्टात पत्रा वाकून विजेच्या पट्टीला चिकटतोय. सगळ्या पिना काढा आणि टॉर्च लावून प्रत्येक पोर्टात बघा. मधली पट्टी तिरकी दिसेल ते पोर्ट वापरू नका, मशीन चालू असताना त्यात टाचणी तर अजिबात घालू नका. सगळं काढूनही इशारा येत राहिला तर पुढच्या पोर्टांची आतली वायर बोर्डावरून उपसून ठेवायला लागेल, ते मी करून देईन.

एवढं करूनही आलात तर हब, त्याची वायर, अंगठ्याचं मशीन, प्रिंटरची वायर आणि असतील तेवढे अॅडॉप्टर पिशवीत घालून आणा. प्रिंटर नको, तो एसटीत कुठे ठेवणार?